चुडामण पाटलाची डावी मासोळी

कोणी मानणार नाही, पण चुडामण पाटलाच्या गळाच्या दोरीला चाळीस वर्षांत एकदाही गुंता झाला नव्हता. नसेल मानायचं तर नका मानू. तापीच्या काठावर न मानणारे पुष्कळ होऊन गेले, आणि त्या सगळ्यांची जागा चुडामण पाटलांनी, म्हणजे गावाच्या आबांनी, ठरवून दिलेली होती: म्हैसखडकाच्या खालच्या अंगाला, जिथं बाया गोधड्या आपटतात.

दोंडाईच्याहून उत्तरेला चार कोस गेलं की तापी एका वळणावर दम खाते. तिथं डोह आहे. वैशाखात बाकीची नदी वाळूत तोंड लपवून पडली तरी या डोहात दोन पुरुष पाणी असतं. आणि मरळी अशा की, काठावर पाणी प्यायला आलेल्या शेळीकडं बघून एकीनं जांभई दिली होती म्हणतात. म्हणजे आबा म्हणतात. डोहावर म्हशीच्या पाठीसारखा काळा खडक पाण्यात उतरलेला आहे. त्यावर दोन माणसं ऐसपैस बसतील. पण सोळा वर्षं एकच माणूस बसत होता.

नियम साधा होता. ज्याच्या दोरीला गुंता, तो खडकाच्या खाली. नियम आबांनी केला, पंच आबाच, आणि गुंता कशाला म्हणायचं हेही आबाच ठरवत. दुसऱ्याची दोरी तरंग्याभोवती एकदा जरी फिरली तरी तो गुंता. आबांची फिरली तर, “हाई आटी शे. आटी निराळी, गुंता निराळा. आटी दोरीले पडस, गुंता डोकामा ऱ्हास.”

पुना भोई नाव चालवायचा. सारा जन्म पाण्यावर गेलेला माणूस. एक्कावन्न साली त्याची दोरी एकदा, फक्त एकदा, स्वतःच्याच तरंग्याला अडकली. आबांनी त्याला खडकावरून उठवून बायांच्यात बसवला. सोळा वर्षं झाली, तो तिथंच बसत होता. गोधडीचा साबण आला की मासे आले नाहीत, असं त्याचं रोजचं गणित.

गोधडीवरून आठवलं. आबांचा दोरा दोंडाईच्याच्या इंदरचंद शेठच्या दुकानातून यायचा. इंदरचंद शेठ म्हणजे मुंगीला वळसा घालून चालणारा माणूस. दोरा गळाला जातो हे कळतं तर त्यानं रीळ काउंटरवरून परत ओढून घेतलं असतं. म्हणून आबा दर खेपेला सांगायचे, घरात गोधडी शिवायची आहे.

“पाटील सा,” एकदा शेठ रीळ गुंडाळता गुंडाळता म्हणाला, “ही या सालातली अकरावी गोधडी. तुमच्या गावात बर्फ पडतो का?”

“आमनी बाईले थंडी लई वाजस,” आबा म्हणाले.

धुरपदाबाईला थंडी वाजत नव्हती. तिला कंटाळा येत होता. आबांनी घरात तोंड उघडलं की पहिला शब्द बाहेर पडायच्या आत ती “हं” म्हणून चुलीकडं वळायची. सुना तिच्याकडूनच शिकल्या. घरात आबांचं बोलणं कोणी ऐकत नसे, आणि खडकावर मात्र पंचक्रोशी ऐकत असे. म्हणून खडक. मरळ मिळाली तर मिळाली. खडक गेला असता तर उरलेला जन्म त्या “हं”समोर काढावा लागला असता, आणि हे आबांना चांगलं ठाऊक होतं.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात पंडित आला. पाटबंधाऱ्याच्या कामावरचा ओव्हरसियर, धुळ्याचा, वय तिशीच्या आत, डोक्यावर टोप. हातात फिरकी लावलेली काठी, फिरकीवर नायलॉनचा दोरा, दोऱ्याला लालपांढरा विकतचा तरंगा. गळाला लावायला जिवंत मासोळ्या आणल्या होत्या त्याही काचेच्या बरणीत, लोणच्यासारख्या. पहिल्याच दिवशी तो आबांना न विचारता खडकावर चढला, काठी पाठीमागं नेली आणि सूंकन फेकली.

मासोळी गळातून सुटली, आभाळात गेली आणि बगळ्यानं वरच्या वर झेलली. मोकळा गळ उलटा फिरून तरंग्याला चार वेढे घालून बसला.

“साहेब,” आबा मान न वळवता म्हणाले, “मासा धराले उनात का गोफन माराले?”

“होतं असं पहिल्यांदा,” पंडित हसून म्हणाला. “नायलॉनला गुंता होत नाही, आबा. वेष्टणावर लिहिलंय.”

“मंग त्या लिखनाराले बलाव. तोच सोडी.”

खालच्या अंगाला बाया हसल्या. पुना हसला नाही. तो पंडितकडं जरा आशेनं बघत होता.

आबांना खरं म्हणजे पंडितची कीव यायला हवी होती. पण कीव करायला समोरच्यात थोडंफार माणूस दिसावं लागतं, आणि आबांना तिथं फक्त टोप दिसत होता. तरी त्यांनी त्याला शिकवलं. शिकवण्याइतका अपमान दुसऱ्या कशानं होत नाही.

“तू कधी वासरू बांधं का?” त्यांनी विचारलं.

“वासरू? नाही.”

“तेच ते. धुयामा वासरू कोठे ऱ्हास.”

आणि मग आबांनी जे सांगितलं ते असं. गळाला लावलेली जिवंत मासोळी म्हणजे खुंट्याला बांधलेलं वासरू. ते उभं राहत नाही. फिरतं. दावं लांब ठेवलं की स्वतःलाच गुंडाळून घेतं आणि जीभ बाहेर काढून पडतं. म्हणून शिशाची गोळी मासोळीपासून वीतभर अंतरावर दाबायची, आणि तरंगा त्याच्याहून पुष्कळ वर. म्हणजे वासरानं कितीही धाव घेतली तरी ते खुंट्यापर्यंत पोचत नाही. तरंगा मोरपिसाच्या दांडीचा, बुडाशी आणि शेंड्याशी असा दोन जागी बांधलेला. एका जागी बांधला तर दोरी त्याच्या कमरेत हात घालते. तरंग्यापासून काठीपर्यंतच्या दोऱ्याला मेण चोळायचं, म्हणजे तो पाण्यावर पडून राहतो, खाली लोंबून वासराच्या पायात येत नाही. काठी फेकायची नाही. मासोळी पाण्यात ठेवायची, पाळण्यात मूल ठेवतात तशी, आणि दोरीला अंगचा ताण द्यायचा. ढिली दोरी म्हणजे बिघाडाला आवतण.

“आनि हाई,” असं म्हणून आबांनी गळाच्या वर दोरीत गुंफलेला पितळेचा कण दाखवला. गुरांच्या साखळीत असते तशी भोवरकडी, एक कडं दुसऱ्यात गरगर फिरणारी, म्हणजे जनावर फिरलं तरी दाव्याला पीळ बसत नाही. पण ही ज्वारीच्या दाण्याएवढी. दोंडाईच्याच्या सोनारानं ती करताना विचारलं होतं, पाटील, कोणाचं वासरू आहे हे? आबांनी सांगितलं होतं, उंदराचं.

पंडितनं ती हातात घेतली, उन्हात धरली, आणि म्हणाला, “छान आहे.” आबांना ते आवडलं नाही. छान म्हणणारा माणूस उद्या करून घेतो.

आणि तसंच झालं. आठ दिवसांत पंडितनं शिसं खाली सरकवलं, तरंगा दोन जागी बांधला, काठी फेकणं सोडलं. दोरीला गुंता होईना. दहाव्या दिवशी सगळ्यांसमोर त्यानं म्हटलं, “आबा, हा खडक काही तुमच्या सातबाऱ्यावर नाही. येत्या रविवारी दोघं बसू. सूर्य उगवल्यापासून दिवस कलेपर्यंत. ज्याची दोरी गुंतेल त्यानं खडक सोडायचा. कायमचा.”

आबांनी पानाची पिंक टाकायला जेवढा वेळ लागतो तेवढाच विचार केला. “बस. पन धुनावाल्या बायास्ले आधी इचारी ले, तुले जागा शे का त्यास्नाजोडे.”

पंच म्हणून पुना भोई उभा राहिला. सोळा वर्षांचा साबण त्याच्या नाकात होता. त्यानं पहिलंच वाक्य असं टाकलं: “रईवारले आटी बी नही नि गुंता बी नही. आपली दोरी आपलाच तरंगाले लागो का दुसरानी दोरीले, कशीबी लागनी का खलास.”

आबांची चाळीस वर्षांची आटी एका वाक्यात गेली होती.

रविवारी अर्धं गाव काठावर. डोहाकडं तोंड करून बसलं की डावी बाजू आबांची, उजवी पंडितची, मध्ये दीड हात खडक. आता इथं आबांची खरी विद्या सांगायला हवी, जी त्यांनी पंडितला सांगितली नव्हती. बैल जसा डाव्या जुवाचा आणि उजव्या जुवाचा असतो तशी मासोळीही असते. एखादी नेहमी डावीकडं वळते, एखादी उजवीकडं. माणूस खडकाच्या डाव्या अंगाला बसला असेल तर त्यानं डावी मासोळी लावायची. ती घिरट्या घालत बाहेर बाहेर सरकते. चुकून उजवी लावली तर ती शेजाऱ्याच्या पाण्यात शिरते आणि त्याच्या दोरीवर जाऊन पडते. आबा रोज पहाटे घागरीत वाकून मासोळ्या पारखायचे. वरून बघायचं, वळण मोजायचं, डावी ती ठेवायची.

पण त्या दिवशी गर्दी होती. घागरीत वाकलेला म्हातारा कोणाला दिसणार? आबांनी आपली एक मासोळी पंडितच्या दुसऱ्या, रिकाम्या बरणीत सोडली आणि बरणी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरली, सगळ्यांना दिसेल अशी.

“दखा रे बठ्ठा! कोनीकडे वयस?”

आबांनी मान मागं टाकून बरणीच्या बुडातून पाहिलं. मासोळी गरगर फिरत होती, डावीकडं, एकदम सरळ डावीकडं.

“डावी!” आबा गरजले.

“डावी!” गाव ओरडलं.

पंडितनं आपली मासोळी न पारखताच लावली. आबांनी त्याच्याकडं असं पाहिलं की टोपाची कड जरा खाली आली.

सकाळ चांगली गेली. मोरपीस आरशावर ठेवल्यासारखं उभं होतं. आबांनी पुनाला ऐकू जाईल अशा बेतानं तीन गोष्टी सांगितल्या: एका मरळीनं त्यांच्या आज्याचं मुंडासं कसं नेलं, ते मुंडासं दुसऱ्या साली प्रकाशा गावच्या यात्रेत कोणाच्या डोक्यावर कसं दिसलं, आणि ते कसं अजून ओलंच होतं. लोक हसत होते. पंडितही हसला. आबांना वाटलं, खडक आपलाच आहे, तो काय जातो.

डोक्यावर ऊन आलं तेव्हा त्यांनी सहज तरंग्याकडं पाहिलं. मोरपीस उजवीकडं सरकलं होतं. हातभर. मग आणखी हातभर. ते लालपांढऱ्या तरंग्याशी जाऊन, नव्या नवरीच्या मैत्रिणीसारखं, खेटून उभं राहिलं आणि हळूहळू त्याच्याभोवती फिरू लागलं.

आबांना ती बरणी आठवली. वरून बघायचं ते खालून बघितलं होतं. खालून बघितलं की डावं ते उजवं. चाळीस वर्षं घागरीवर वाकलेला माणूस एका दिवसाच्या मिजाशीसाठी मान वर करून बसला, आणि गावाकडून ओरडूनही घेतलं.

नशीब, ऊन इतकं कडक होतं की पाण्यावर नजर ठरत नव्हती. पुनानं हाक दिली, “भाकरी खाई ल्या! दोऱ्या पान्यामा ऱ्हाऊ द्या, काठ्या दगडखाले दाबा. दोन्ही चला निंबखाले.”

“मना उपास शे,” आबा म्हणाले.

“रईवारना?”

“नवस.”

“कशाना?”

“ते देवले सांगेल शे. तू देव शे का?”

पुनानं खांदे उडवले. पंडित डबा घेऊन निघाला. निंब खडकाच्या मागं, टेकाडाच्या पलीकडं. तिथून डोह दिसत नाही. सगळे गेल्यावर आबांनी पागोटं काढून दगडाखाली ठेवलं, चारी दिशांना पाहिलं आणि पाण्यात उतरले.

पाणी वर ऊन, खाली गार. आबांनी एक श्वास घेतला तो, खरं सांगायचं तर, त्यांच्या भावाच्या लग्नापासून राखून ठेवलेला होता. खाली जाऊन पाहतात तर सात वेढे. त्यात पंडितचा तो नायलॉनचा दोरा पाण्यात दिसतच नाही. हाताला मात्र लागतो, आणि लागला की कापतो. विकतची वस्तू, समोर येऊन उभी राहायचीसुद्धा हिंमत नाही तिच्यात. ओढून सुटेना. तोडावा तर दोन्ही दोऱ्या जाणार. शेवटी एकच उपाय उरला. आबांनी आपली मासोळी मुठीत धरली आणि पंडितच्या दोरीभोवती स्वतः उलटे फिरायला लागले. खळ्यातल्या मेढीभोवती बैल फिरतो तसे. एक फेरा, वर येऊन श्वास. दुसरा फेरा, श्वास. चौथ्या फेऱ्याला पागोट्याशिवायची शेंडी त्यांच्याच डोळ्यांत गेली. पाचव्याला एक मरळ कपारीतून बाहेर आली, त्यांच्याकडं बघत राहिली. तिच्या नजरेत जी तुच्छता होती ती आबांना ओळखीची वाटली. चाळीस वर्षं ते स्वतः खडकावरून खाली बघताना तीच वापरत होते.

सात फेरे झाले. दोऱ्या सुटल्या, असं वाटलं, आणि मग कळलं की भोवरकडीपाशी एक गाठ राहिली आहे. ती बोटांनी निघेना. आबांनी तोंड वर काढलं, गाठ दातांत धरली, उरलेल्या साडेतीन दातांत, आणि सोडवली.

मासोळी पुन्हा डाव्या अंगाला नेऊन सोडून ते खडकावर चढले. खडक इतका तापलेला होता की ओलं धोतर टेकताच चुर्र झालं. खानदेशातलं वैशाखातलं ऊन. त्यानं एका पानाचा विडा लावेपर्यंत पाटील वाळवून दिला. पागोटं बांधलं. बोटांवरचे काप मुठीत मिटले. मंडळी परत आली तेव्हा आबा मोरपिसाकडं बघत बसले होते, जणू जन्मापासून तिथंच होते.

पंडित खडकावर आला आणि थबकला. “आबा, माझा तरंगा हललाय. इथं नव्हता.”

आबांनी एक मोठा उसासा टाकला. इथं गप्प बसले असते तर प्रकरण मिटलं असतं. पण ऐकायला अर्धं गाव समोर होतं, आणि घरी फक्त “हं” होतं.

“तू नही मानाव, साहेब,” ते म्हणाले. “पन आज जे दखं ते मना आज्यानी बी दखं नही. तुम्ही गयात नि तुनी मासोयी मनी दोरीवर उनी. येडी ती, ना शिकेल ना सवरेल. मनी मासोयी बिचारी कोनाडामा सापडनी. सात येढा बसनात. सात! मी म्हनं, गया खडक. आनि मंग...” आबा थांबले. गाव पुढं झुकलं. “मंग मनी मासोयी थांबनी. दोरीकडे दखं. आनि उलटी फिरनी. एक येढा, दोन येढा, सातच्या सात सोडात नि आपली जागावर जाईसन उभी ऱ्हायनी. त्याले म्हनतस जात!”

कोणी हसलं नाही. पुनाचं तोंड उघडं होतं. पाण्यात बघावं तर दोन्ही दोऱ्या सरळ, दोन्ही तरंगे वेगळे. पंडितनं आपल्या तरंग्याकडं पाहिलं, आबांच्या मोरपिसाकडं पाहिलं, टोप काढून घाम पुसला.

“म्हणजे माझ्या मासोळीनं सुरुवात केली,” तो हळूच म्हणाला. “मग गुंता माझाच.”

“मी काय म्हनू,” आबा उदारपणे म्हणाले. “तूच समजदार शे.”

पंडित खरंच काठी गुंडाळू लागला. पुना खाली मान घालून आपल्या जागेकडं निघाला, साबणाकडं. आबांनी पाय लांब केले. खडक आता दोन्ही अंगांनी त्यांचा होता.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून पाणी तुडवत भागाबाई आली. डोहाच्या वरच्या उथळ वाळूत तिची टरबुजांची वाडी होती, आणि कोल्ह्यांवर नजर ठेवायला ती दिवसभर तिथल्या तुराट्यांच्या खोपीत पडलेली असे; तिथून अख्खा डोह दिसे. डोक्यावर पाटी, पाटीत टरबुजं, मंडळींना विकायला आणलेली. तिनं आबांची गोष्ट जवळून शेवटी शेवटीच ऐकली होती, पण आवाज तिच्या खोपीपर्यंत आधीपासूनच जात होता.

“आबा,” तिनं पाटी खडकावर टेकवली, “येढा सात व्हतात हाई खरं शे. मी बी मोजात. पन मासोयी कोठे फिरनी? मुठीमा मासोयी धरीसन तुम्हीच फिरनात, नि शेवटली गाठ दातघाई सोडी!”